कोर्ट मतपत्रिकेवरच असतं, ईशा

एडिसन, न्यू जर्सी

चि. ईशास,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, मला दोन्हीकडचं कुणीच पटत नाही. आणि शेवटी खरे निर्णय सुप्रीम कोर्टच घेतं ना? तिथे कुठे आपलं मत चालतं?" तुझी मीटिंग सुरू होत होती, म्हणून मी तेव्हा विषय ताणला नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पाच मिनिटांत उरकायचा हा विषय नव्हे, म्हणून बसून लिहिते आहे. लांबेल. सवडीने वाच.

दोन्हीकडचं कुणी पटत नाही, हे मी समजू शकते. कुणाला मत द्यायचं हे मी तुला सांगणारही नाही. तुझी मतं तुझ्यापाशी आहेत. पण कोर्टाशी आपल्या मताचा संबंध नाही असं समजून तू घरी बसणार असशील, तर ते मला बघवणार नाही. या देशात तो संबंध आहे. मत तिथे उशिरा पोचतं, वळसा घेऊन पोचतं, पण एकदा पोचलं की तीस-तीस वर्षं हलत नाही.

तुझी समजूत कुठून आली हेही मला कळतं. ती आपण सगळेच येताना बरोबर घेऊन आलो. भारतात मत आणि कोर्ट ही दोन वेगळी घरं आहेत. १९९३ पासून तिथे न्यायाधीशांची निवड न्यायाधीशच करतात, कॉलेजियम म्हणतात ते हेच. संसदेने त्याऐवजी नियुक्ती आयोग आणण्यासाठी घटनादुरुस्ती केली, ती १६ ऑक्टोबर २०१५ ला सुप्रीम कोर्टानेच रद्द ठरवली. शिवाय पासष्टाव्या वर्षी न्यायमूर्ती निवृत्त होतात. त्यामुळे पुण्यात कोथरूडच्या शाळेत रांगेत उभं राहून बटण दाबताना, आपण दिल्लीतलं न्यायासन ठरवतो आहोत असं कुणाच्या मनात येत नाही, आणि यायचं कारणही नाही.

गंमत म्हणजे तिथे हे असं का झालं, याच्या मुळाशी अमेरिकेचाच विचार आहे. २४ मे १९४९ ला घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांसमोर अमेरिकेचं उदाहरण होतं. त्यांनी ते नीट तपासलं आणि बाजूला ठेवलं. नेमणूक एकट्या सरकारवर सोपवणं त्यांना धोक्याचं वाटलं. प्रत्येक नेमणुकीला कायदेमंडळाची संमती घेणं अवजड वाटलं, आणि त्यात राजकीय दबाव शिरेल अशी शंका वाटली. सरन्यायाधीशही अखेर माणूसच आहे, म्हणून त्याच्याही हाती सगळं द्यायला ते तयार नव्हते. मला वाटतं, अमेरिकेबद्दलची त्यांची शंका अक्षरशः खरी ठरली आहे. इथे न्यायमूर्तीची नेमणूक हे उघड राजकारण आहे. पण म्हणूनच, ईशा, इथे त्यावर इलाजही राजकारणातूनच करावा लागतो, आणि सामान्य माणसाच्या हातातलं राजकारण म्हणजे मत.

प्रक्रिया तुला ठाऊक आहे, नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी तू ती पाठ केली होतीस. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मान्यता देतं, नऊ जण तहहयात बसतात. पाठ करताना जे निसटतं ते एवढंच, की त्या शंभर सिनेटरांना आपण निवडतो. १९१३ पर्यंत तेही नव्हतं, राज्यांची विधिमंडळं सिनेटर निवडून पाठवत. आता प्रत्येक राज्यातले लोक पाठवतात. आणि २०१७ पासून सुप्रीम कोर्टाच्या नेमणुकीला साधं बहुमत पुरतं. म्हणजे सिनेटच्या निवडणुकीत उमेदवाराच्या नावापुढचा गोल तू काळा करतेस, तेव्हा पुढच्या सहा वर्षांत रिकाम्या होणाऱ्या प्रत्येक न्यायासनावर तू मत देत असतेस. मतपत्रिकेवर तसं छापलेलं नसतं इतकंच.

मला याचं सगळ्यात चांगलं उदाहरण विचारशील तर मी २०१६ सांगणार नाही. मी १९८६ सांगेन. ती मध्यावधी निवडणूक होती, राष्ट्राध्यक्षपद मतपत्रिकेवर नव्हतंच. अलाबामात रिचर्ड शेल्बी नावाचे डेमोक्रॅट सिनेटसाठी उभे होते. बारा लाखांच्या वर मतं पडली आणि ते सात हजारांहूनही कमी मतांनी जिंकले. दक्षिणेतल्या अशा अनेक जागांवर कृष्णवर्णीय मतदारांची मतं निर्णायक ठरली. १९६५ च्या मतदानहक्काच्या कायद्याआधी त्यांच्यातल्या कित्येकांना मतदारयादीत नावही घालू दिलं जात नव्हतं. त्या निवडणुकीत सिनेटचं बहुमत डेमोक्रॅटांकडे फिरलं. बहुमत फिरलं म्हणून न्यायव्यवस्था समितीचं अध्यक्षपद स्ट्रॉम थर्मंड यांच्याकडून जो बायडन यांच्याकडे गेलं.

पुढच्याच उन्हाळ्यात न्यायमूर्ती पॉवेल निवृत्त झाले आणि रेगन यांनी रॉबर्ट बोर्क यांचं नाव पाठवलं. बोर्क विद्वान होते, त्यात वाद नाही. पण १९६३ मध्ये, हॉटेलांत आणि दुकानांत वंशभेद करायला बंदी घालणारा नागरी हक्कांचा कायदा येऊ घातला होता, तेव्हा त्यांनी त्याविरुद्ध लेख लिहिला होता. आणि खाजगी आयुष्याच्या हक्काला राज्यघटनेत आधार आहे हे त्यांना मान्य नव्हतं. दक्षिणेतल्या नव्या सिनेटरांना आपल्याला कुणी निवडून दिलं ते चांगलं लक्षात होतं. २३ ऑक्टोबर १९८७ ला बोर्क ५८ विरुद्ध ४२ मतांनी पडले. शेल्बी त्या ५८ मध्ये होते. मग एक नाव मध्येच मागे घ्यावं लागलं, आणि अखेर अँथनी केनेडी आले, ९७ विरुद्ध शून्य.

आता केनेडींनी पुढे काय केलं ते बघ. १९९२ मध्ये तुझ्याच पेनसिल्व्हेनियाचा एक कायदा सुप्रीम कोर्टात आला. त्यात असं कलम होतं की विवाहित बाईने गर्भपात करून घेण्याआधी नवऱ्याला कळवलं पाहिजे. राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला बसून लोकांनी ते लिहिलं होतं, कुठल्या जुन्या काळात नव्हे, मी या देशात आले त्या सुमाराला. ते कलम रद्द झालं, आणि गर्भपाताच्या हक्काचा गाभा ५ विरुद्ध ४ मतांनी टिकला. त्या पाचांत केनेडी होते. बोर्क असते तर काय झालं असतं हे सांगायला ज्योतिषी नको, गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या रो खटल्याच्या निकालावर ते उघड टीका करत आले होते. पुढे २६ जून २०१५ ला समलिंगी विवाहाचा निकाल लागला, तोही ५ विरुद्ध ४, आणि तो लिहिला केनेडींनीच. तुझ्या ऑफिसातल्या त्या दोघींच्या लग्नाला तू नऊवारी नेसून गेली होतीस. त्या लग्नाच्या कागदामागे १९८६ मधले अलाबामातले काही हजार मतदार उभे आहेत. त्यांतल्या कुणाच्या मनात तेव्हा असलं लग्न असेल असं मला वाटत नाही. त्यांना आपले नागरी हक्क राखायचे होते, म्हणून ते मत द्यायला गेले होते.

हे दुसऱ्या बाजूनेही तितकंच खरं आहे. क्लॅरेन्स थॉमस १९९१ मध्ये ५२ विरुद्ध ४८ मतांनी न्यायमूर्ती झाले. मनमोहन सिंगांनी ते गाजलेलं बजेट मांडलं ते वर्ष; तुझ्या आईबाबांचं लग्नही ठरलं नव्हतं. थॉमस तेव्हा ४३ वर्षांचे होते. त्यांना नेमणारे थोरले बुश १९८८ मध्ये निवडून आले होते, एक मुदत करून पायउतार झाले, २०१८ मध्ये वारलेही. ज्यांनी त्यांना मत दिलं त्यांच्यातले कितीतरी आता हयात नसतील. त्यांचं मत मात्र आजवर कोर्टात काम करतं आहे.

२०१६ बद्दल थोडंच लिहिते, कारण तू ते पाहिलेलं आहेस. फेब्रुवारीत न्यायमूर्ती स्कॅलिया वारले. ओबामांनी मेरिक गारलंड यांचं नाव पाठवलं, आणि सिनेटमधल्या बहुमताने त्यांची सुनावणीच घेतली नाही. जागा वर्षाहून जास्त काळ रिकामी राहिली. मला तो अन्याय वाटला, आजही वाटतो. पण तसं करण्याची ताकद त्यांना २०१४ च्या मध्यावधी निवडणुकीने दिली होती, आणि त्या निवडणुकीत घरी बसलेल्यांची संख्या फार मोठी होती. मग नोव्हेंबरात मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ७७,७४४ मतांच्या फरकाने राष्ट्राध्यक्षपद ठरलं. ट्रम्प यांनी एका मुदतीत तीन न्यायमूर्ती नेमले. २४ जून २०२२ ला रो आणि १९९२ चा तो पेनसिल्व्हेनियाचा निकाल, दोन्ही एकाच दिवशी फिरवले गेले.

आणि हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं: ज्यांना हा निकाल हवा होता त्यांनी तो मतपेटीतूनच मिळवला. जवळजवळ पन्नास वर्षं ते कोर्ट मनात धरून मतदानाला गेले. उमेदवार आवडो न आवडो, पाऊस असो, मध्यावधी असो, ते गेले. २०१६ च्या एक्झिट पोलमध्ये पाचांतल्या एका मतदाराने सांगितलं की सुप्रीम कोर्टाच्या नेमणुका हाच आपला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा; आणि त्यांच्यात ट्रम्प यांना मत देणारे जास्त होते. त्यांचं ध्येय मला पटत नाही. त्यांची चिकाटी मात्र आपण शिकावी अशीच आहे. तू म्हणतेस तसं कोर्टापर्यंत मत पोचत नसतं, तर त्या लोकांची पन्नास वर्षं फुकट गेली असती.

तू म्हणशील, न्यायमूर्ती काही पक्षाचे चाकर नसतात. नसतात, खरंच. आयझेनहॉवर यांनी वॉरन यांना नेमलं आणि शाळांमधला वंशभेद संपवणारा निकाल आला. थोरल्या बुशनीच नेमलेले सूटर हळूहळू दुसऱ्या बाजूला गेले. असं होतं, आणि न्यायासनाची शान त्यातच आहे. पण हल्ली नावं इतकी पारखून निवडतात की असे अपवाद दुर्मीळ होत चालले आहेत.

आता आपल्या माणसांबद्दल. हे मला तुला केव्हाचं सांगायचं होतं.

१९२३ मध्ये भगतसिंग थिंड या शीख माणसाचा खटला सुप्रीम कोर्टासमोर आला. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व 'गोऱ्या' माणसाला किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसाला मिळे. त्यांचे एक वकील होते लॉस एंजेलिसचे सखाराम गणेश पंडित. नाव वाच पुन्हा एकदा. आपल्या कुठल्याही वाड्यात हाक ऐकू यावी असं नाव, आणि ते वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात उभं होतं. कोर्टाने एकमताने निकाल दिला की भारतीय माणूस सामान्य लोकांच्या समजुतीप्रमाणे गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलंड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले होते. त्यांचं नाव पाठवलं होतं हार्डिंग यांनी, आणि हार्डिंग निवडून आले होते १९२० मध्ये.

त्या निकालानंतर सरकार आधी नागरिक झालेल्या भारतीयांच्या मागे लागलं. पंडितांना १९१४ मध्येच नागरिकत्व मिळालं होतं. तेही काढून घ्यायला सरकारने दावा लावला. ते स्वतःसाठी लढले, जिंकले, आणि सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालायला नकार दिला. पण बाकीच्या बहुतेकांना १९४६ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी काँग्रेसने कायदा केला तेव्हा कुठे भारतीयांना नागरिक होण्याची वाट मोकळी झाली. मधली तेवीस वर्षं त्या माणसांच्या हातात काय होतं? अर्ज, पत्रं, सभा, वकील. मत नव्हतं. मत नसल्यामुळे ते सिनेट घडवू शकत नव्हते, सिनेट नसल्यामुळे कोर्ट घडवू शकत नव्हते, आणि कोर्ट म्हणत होतं की तुम्ही मत देण्यालायक नागरिक होऊ शकत नाही. तू फिलाडेल्फियात हात वर करून शपथ घेतलीस ना, तेव्हा मला पंडितांचीच आठवण येत होती.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर २०२५ चा जानेवारी आठव. २० तारखेला राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला की आई इथे तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डवाले नसतील, तर बाळ इथे जन्मलं तरी ते नागरिक नाही. तीस दिवसांनी लागू. आमच्या वरच्या मजल्यावर नाशिकचं एक जोडपं राहायचं, दोघंही एच-वन-बी व्हिसावर, ती आठव्या महिन्यात. त्या संध्याकाळी दोघं खाली आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. तिने भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर पसरलं आणि १९ फेब्रुवारीवर बोट ठेवलं. डॉक्टरांनी दिलेली तारीख त्याच्या पुढची होती. तिने मला विचारलं, "काकू, आधी ऑपरेशन करून घेतलं तर?" बाळ अजून भरलेलं नाही, आणि आई कागदासाठी पोट चिरून घ्यायचं म्हणते आहे. मी तिचा हात धरून बसले, दुसरं काही सुचलं नाही. तीन दिवसांनी सिएटलच्या न्यायाधीशांनी आदेशाला स्थगिती दिली, तेव्हा वरून तिच्या रडण्याचा आवाज खाली आला.

तो वाद अर्थातच सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. त्याच्या मुळाशी आहे १८९८ चा निकाल: सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्कला चीनहून परतताना बंदरावर अडवलं होतं, आणि कोर्टाने सांगितलं की तो जन्माने नागरिक आहे. एका बाजूला सव्वाशे वर्षांचा निकाल आणि दुसऱ्या बाजूला एक सही. मध्ये नऊ माणसं. ती नऊ माणसं कोण असावीत याच्याशी त्या नाशिकच्या मुलीचा जिवाचा संबंध होता, आणि तिला मत नव्हतं. तुला आहे.

त्यातून तू पेनसिल्व्हेनियात आहेस. मी न्यू जर्सीत मत देते, इथला कल बहुधा आधीच दिसत असतो; तरी देते. तुझ्याकडे २०२४ मध्ये सिनेटची जागा जवळजवळ सत्तर लाख मतांतून साधारण १५ हजारांच्या फरकाने गेली. हरले ते बॉब केसी. १९९२ च्या त्या खटल्यात ज्यांचं नाव आहे ते गव्हर्नर केसी त्यांचे वडील. पुढची जागा २०२८ मध्ये मतदानाला येईल.

आणि तुझ्या राज्याचं स्वतःचं सर्वोच्च न्यायालय तर तू थेट निवडतेस! सात न्यायमूर्ती, दहा वर्षांची मुदत. मुदत संपली की मतपत्रिकेवर प्रश्न येतो, यांना पुन्हा ठेवायचं का, हो की नाही. २०१५ च्या नोव्हेंबरात, राष्ट्राध्यक्षही नाही आणि सिनेटही नाही अशा वर्षी, तिथे तीन नवे न्यायमूर्ती निवडून आले. २०१८ मध्ये त्याच कोर्टाने लोकसभेसारखं जे इथलं सभागृह आहे त्याच्या मतदारसंघांचा वेडावाकडा आखलेला नकाशा रद्द केला. जुन्या नकाशात एका पक्षाला अठरापैकी तेरा जागा मिळत होत्या; नव्या नकाशावर त्याच वर्षी नऊ-नऊ झाल्या. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच तिघांना ठेवायचं की नाही हा प्रश्न तुझ्या मतपत्रिकेवर असणार होता, आणि तू फोनवर म्हणालीस, "ह्या वर्षी कुठे निवडणूक होती?" हे सगळं लिहायला बसण्याचं तेही एक कारण. लोकांनी तिघांनाही ठेवलं. तुझं मत कुठल्या बाजूला गेलं असतं ते मला ठाऊक नाही, पण ते त्यात असायला हवं होतं.

आता कामाचं. नाव नोंदवायची मुदत मतदानाच्या पंधरा दिवस आधी संपते, पण इतकं थांबू नकोस, याच आठवड्यात ऑनलाइन अर्ज भर. तुमच्याकडे प्रायमरीत मत द्यायचं तर पक्ष नोंदवावा लागतो. तो नोंदवलास म्हणून नोव्हेंबरात त्याच पक्षाला मत द्यायचं बंधन नाही, त्यामुळे त्याला घाबरू नकोस. पोस्टाने मत पाठवणार असशील तर मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात घाल, मग बाहेरच्या पाकिटावर सही कर आणि त्या दिवसाची तारीख लिही. या तारखेवरून तुमच्याकडे वर्षानुवर्षं खटले चालले आहेत, तुझ्या मतावरून आणखी एक नको. मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत ते पोचलं पाहिजे. पोस्टाचा शिक्का चालत नाही. मतपत्रिकेवर न्यायाधीशांची नावं असतील तर ती सोडू नकोस. त्यांच्याबद्दल आधी वाचून जा. अडलं तर फोन कर, मी रात्री अकरापर्यंत जागी असते. काकांनी आशीर्वाद सांगितले आहेत.

तुझी,
आत्या